खापरेकाका आणि घराचं नाक

खापरेकाका कुणाच्याही घरी गेले की दिवाणखान्यात बसत नसत. थेट बेसमेंटमध्ये उतरत. यजमान 'या, या' म्हणत हात जोडून उभे आणि काका पायऱ्यांवरून दिसेनासे झालेले. जरा वेळानं खालून आवाज येई, "अरे बापा! हे घर श्वास कसा घेऊन राहिलं मंग?"

आमची त्यांची ओळख अशीच झाली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही परदेशात, एडिसनला आयुष्यातलं पहिलं घर घेतलं आणि सत्यनारायण घातला. दोन घरं सोडून एक मराठी गृहस्थ राहतात असं कळलं म्हणून त्यांनाही बोलावलं. मूळचे नागपूरचे, रंगाच्या कारखान्यात इंजिनियर. आरती ऐन रंगात आली आणि हे गृहस्थ बेसमेंटमधून वर आले. हातात एक करडा, केसाळ चौकोन. ती वस्तू त्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर उंच धरली.

"काय आहे हे, ओळखा!"

"लोकरीचं आसन?" कुणीतरी भक्तिभावानं विचारलं.

"फर्नेसचा फिल्टर आहे! पहिल्या मालकाचं कुत्रं अजून याच्यातच राहून राहिलं!"

माझी बायको सुधा लाजेनं लाल झाली. पण खरं सांगायचं तर घर गरम करणाऱ्या त्या फर्नेसला फिल्टर असतो हेच मला ठाऊक नव्हतं. भिंतीवरचं बटण फिरवलं की खाली कुठेतरी 'धुम्' होतं आणि जमिनीतल्या जाळ्यांतून गरम हवा येते, एवढंच माझं ज्ञान. मी एम.टेक. होतो, हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

प्रसाद खाता खाता काकांनी मला समजावलं. "घरातलीच हवा खाली जाते, गरम होऊन वर येते. मधली धूळ कोण अडवते? हा. फिल्टर म्हणजे घराचं नाक. नाक चोंदलं की पंखा धापा टाकतो, फर्नेस तापून बंद पडते आणि वर पोट्टे खोकतात. हिवाळ्यात दर महिन्याला काढायचा, दिव्यासमोर धरायचा. उजेड आरपार दिसला नाही, तं फेकायचा! आणि नवीन लावताना त्याच्यावरच्या बाणाचं तोंड फर्नेसकडे. समजलं?"

समजलं नसतं तरी चाललं असतं, कारण दर एक तारखेला त्यांचा फोन येई. आमचा समीर फोन उचले आणि घरभर ओरडे, "डॅड, इट्स फिल्टर अंकल!" मी कितीही थापा मारल्या तरी पलीकडून उलटतपासणी होई. "पाहिला म्हणतोस? मंग रंग सांग."

लग्न, बारसं, वाढदिवस, काहीही असो, काकांची भेट ठरलेली. चमकत्या कागदात गुंडाळलेली, वर लाल रिबन. आमच्या ओळखीतल्या जोशांच्या नव्या सुनेला ते निसर्गचित्र वाटलं. तिनं सगळ्यांसमोर कागद फाडला आणि बराच वेळ त्या फिल्टरकडे बघत राहिली. "मॉडर्न आर्ट आहे का?" असं तिनं हळूच नवऱ्याला विचारलं.

मग आमच्या घरी तो प्रसंग घडला. काकांच्या धाकानं मी मोठ्या ऐटीत स्वतः फिल्टर बदलला. त्यानंतर कडाक्याची थंडी पडली आणि फर्नेसला काय झालं कोण जाणे. जरा चाले, बंद पडे, पुन्हा चाले, पुन्हा बंद. आम्ही कोट घालून जेवायला बसलो. सुधानं काकांना फोन केला. ते माकडटोपी घालून धावत आले, खाली गेले आणि लगेच त्यांची हाक आली. "मोहन! इकडं ये!"

मी खाली गेलो. फिल्टर त्यांच्या हातात होता. त्याच्यावरचं प्लॅस्टिक तसंच होतं.

आता ह्यात माझी काय चूक? आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायची पद्धतच नव्हती. सोफ्यावर होतं, दिव्याच्या शेडवर होतं, रिमोटवरही होतं.

"अरे बापा," काका कळवळून म्हणाले, "तोंडावर उशीच दाबली की तू बिचाऱ्याच्या!"

त्यांनी प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि मला वर पिटाळलं. "जा, जेव तू. मी लावून येतो."

पण काका काही वर येईनात. फर्नेसचं 'धुम्' ऐकू येईना. पोळ्या निवायला लागल्या, तेव्हा मी हळूच खाली डोकावलो.

काका फर्नेससमोर उभे होते. टोपी काढून हातात घेतलेली. फिल्टरची फट उघडीच होती आणि तिला त्यांनी कान लावला होता. मला वाटलं, आणखी काही बिघडलं. मी जवळ गेलो, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मीही वाकलो. पत्र्याच्या त्या पोकळीतून आमचं अख्खं घर ऐकू येत होतं. समीर आणि त्याची धाकटी बहीण रोहिणी एका पापडावरून भांडत होते. सुधा त्यांना दटावत होती. वाटीत आमटी वाढल्याचा आवाजसुद्धा स्पष्ट येत होता.

"सगळ्यांच्या घरी येते असा आवाज," काका कुजबुजले. "जोशांची म्हातारी जपाच्या मधेच सुनेवर खेकसते. माझ्या घरी तुझी काकू होती तोवर भजनं यायची. गाता येत नव्हतं तिला, पण गायची. आता पोरगा तिकडं दूर फ्रीमाँटला. माझी फर्नेस एकदम स्वच्छ आहे बघ. काहीच येत नाही तिच्यातून."

एवढ्यात पोकळीतून सुधाचा आवाज आला. "समीर, खाली जाऊन विचार, काका जेवायला थांबतायत ना?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फटीला तोंड लावून खणखणीत ओरडले, "थांबतो वं पोरी! पापड ठेवा एक!"

वर किंकाळी उठली. पळापळ झाली. मग दोन्ही पोरं जाळीपाशी पालथी पडली असावीत, कारण रोहिणीचा आवाज अगदी कानाशी आला, "अंकल, आर यू इनसाइड द हाऊस?"

"हो वं माय," काका म्हणाले. "बोल."

आणि ती बोलायला लागली. शाळेतलं, मैत्रिणींचं, पडलेल्या दाताचं. मी बाजूला ठेवलेला फिल्टर हातात धरून उभा राहिलो. घर गारठत चाललं होतं, पण तो लावायची घाई मी केली नाही.