ग्लेनिसला एक तरी मत

कुराबिंडी गावात मतांची बेरीज माझ्याइतकी पक्की कुणाची नाही. हे मीच म्हणतो, पण सव्वीस वर्षं एकाच क्लबचा चिटणीस राहिलेल्या माणसाने म्हटलं तर चालतं.

क्लब म्हणजे कुराबिंडी काकाकुवा रग्बी क्लब. गुलाबी-करडा शर्ट, पंचेचाळीस सभासद, गेल्या दोन हंगामांत विजय शून्य. इतिवृत्ताची वही माझ्या ताब्यात असते. पानाच्या पुढच्या बाजूला मी सभेत काय झालं ते लिहितो. मागची बाजू कोरी राहते, तिथे खरं काय झालं ते लिहितो. यंदा आम्ही नवा मुख्य प्रशिक्षक निवडला, त्याची ही पानं. उलटत चला.

पान ४१, पुढची बाजू

मावळत्या मुख्य प्रशिक्षकांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. सभेने त्यांच्या सेवेबद्दल आभार मानले.

पान ४१, मागची बाजू

प्रकृती ठणठणीत होती. एकोणिसावा सामना हरल्यावर गडी गाडीत बसला आणि थेट क्वीन्सलंडला निघून गेला. शिट्टी गळ्यातच होती. ती अजून परत आलेली नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण आमच्या क्लबात मुख्य प्रशिक्षकाला पगार नसतो, राहायला घर असतं. मैदानामागे दोन खोल्या, वर पत्रा, पुढे लिंबाचं झाड आणि स्वतंत्र न्हाणीघर. आता ते रिकामं होतं. आणि माझ्याकडे एक मेहुणा होता.

नेव्हिल, माझ्या बायकोचा, लॉरेलचा धाकटा भाऊ. 'फक्त दोन आठवडे' म्हणून आला, त्याला चौदा महिने झाले. माणूस चांगला आहे, हीच अडचण. वाईट माणसाला घराबाहेर काढता येतं. हा भांडी घासतो, कुत्र्याला फिरवतो, माझ्या वाढदिवशी केक करतो. फक्त रोज सकाळी साडेसहाला न्हाणीघरात शिरतो आणि पन्नास मिनिटं गातो. गाणं एकच. कडवी सात. मी टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर उभा. चौदा महिने.

तरुणपणी तो डब्बो शहरातल्या एका रग्बी संघात तीन वर्षं खेळला होता. त्यामुळे जेवणाच्या टेबलावरही सुटका नाही.

"हे बघ डेस, मीठदाणी म्हणजे आपला दहा नंबरचा खेळाडू."

"मला मीठ हवंय, नेव."

"थांब, त्याच्याकडे चेंडू तर येऊ दे. हे मटार म्हणजे समोरचा बचाव. आता मिरपूड इकडून धावते—"

"नेव, बटाटे गार झाले."

"बटाटे राखीव खेळाडू आहेत, त्यांना हलवू नकोस."

जेवण संपेपर्यंत समोरचा संघ त्याच्या पोटात गेलेला असे. आणि एका संध्याकाळी, तो शेवटचा मटार गिळत असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस प्रशिक्षक झाला, तर त्याला घर मिळेल. त्याला घर मिळालं, तर मला न्हाणीघर मिळेल.

पान ४२, पुढची बाजू

मुख्य प्रशिक्षकपदासाठी तीन अर्ज आले. श्री. बर्नी ओ'डाउड, श्री. नेव्हिल क्रॅडॉक आणि श्रीमती ग्लेनिस थ्रेलफॉल. लोकशाहीला शोभेल अशा वातावरणात छाननी झाली.

पान ४२, मागची बाजू

अर्ज दोनच आले होते. तिसरा मी घडवला.

रग्बीत पंधरा जण एका बाजूने खेळतात असं म्हणतात, ते खोटं आहे. पुढच्या फळीत आठ असतात, मान नसलेले, दिवसभर डोकी घुसवणारे. मागच्या फळीत सात, केस विंचरलेले. दोघांचं जमत नाही, बायकांचंही जमत नाही. बर्नी पुढच्या फळीचा. मेंढ्या भादरणाऱ्यांची टोळी चालवतो, आणि त्याच्याशी हात मिळवला की दुपारपर्यंत पेन धरता येत नाही. नेव मागच्या फळीचा.

मी बेरीज केली. बायका धरून पुढच्यांची पंचवीस मतं, मागच्यांची वीस. सरळ लढत झाली तर बर्नी. म्हणजे घर बर्नीला, आणि सात कडवी मला.

पण आमच्याकडे मत देताना फुली मारत नाहीत. प्रत्येक नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा. ज्याला पहिल्या पसंतीची मतं सगळ्यांत कमी, तो बाद. त्याच्या चिठ्ठ्या फेकत नाहीत, त्यांवर दोन नंबरला जो असेल त्याच्या ढिगात टाकतात. पाळण्यातल्या पोराला कळतं हे आमच्याकडे. मला त्यापुढचंही कळतं. बर्नीची आठ-दहा मतं खाईल असा तिसरा उमेदवार हवा, तो बाद झाला पाहिजे, आणि त्याच्या चिठ्ठ्यांवर दोन नंबरला नेव हवा.

पुढच्या फळीचं बर्नीखालोखाल प्रेम कुणावर? जी त्यांना खायला घालते तिच्यावर. ग्लेनिस आमच्या खानपानाच्या खिडकीत सत्तावीस वर्षं उभी आहे. ब्रेडमध्ये सॉसेज, वर परतलेला कांदा.

मी गेलो तेव्हा ती कांदाच चिरत होती.

"ग्लेनिस, प्रशिक्षकासाठी तुझं नाव देऊ का?"

"कशाला?"

"निवडणुकीला जरा शोभा येते. काळजी करू नकोस, तू जिंकणार नाहीस."

तिने सुरी थांबवून माझ्याकडे बघितलं. "किती प्रेमाने सांगतोस रे."

"म्हणजे हो?"

"सही कुठे करू ते दाखव. आणि जाताना ती कांद्याची गोणी आत आण."

त्याच संध्याकाळी मी पत्रकं छापली. ती दारात वाटायची आणि मतदाराने बघून आकडे उतरवायचे, ही आमची जुनी रीत.

*ग्लेनिस — १*
*नेव्हिल — २*
*बर्नी — ३*
*सत्तावीस वर्षं कांदा परतणाऱ्या हातांसाठी!*

शेवटची ओळ लिहिताना मलाच भरून आलं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पान ४३, पुढची बाजू

शनिवारी दुपारी मतदान शांततेत पार पडले. पंचेचाळीसपैकी पंचेचाळीस सभासदांनी मत दिले. पोस्टातल्या मिसेस फॅरो यांनी मोजणी केली.

पान ४३, मागची बाजू

शांततेत, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती. मतदान म्हटलं की सॉसेज आलंच. ग्लेनिस सकाळपासून तव्याशी उभी होती. तिचीच निवडणूक, आणि तिला एक मिनिट बसायला मिळालं नव्हतं. कपाळावर घाम, एका हाताने माशा हाकलतेय, दुसऱ्याने कांदा उलटतेय.

मी पडद्याआड गेलो. चिठ्ठी समोर, पेन्सिल हातात. कांद्याचा वास पडद्याच्या आत आला. आणि मनात आलं, बिचारीला एकही मत पडलं नाही तर? तिला सगळ्यांसमोर काय वाटेल? शिवाय माझं मत वाया थोडंच जाणार? ती बाद होणारच आहे, मग ते आपोआप नेवकडे येईल. मी ग्लेनिसपुढे एक लिहिला, नेवपुढे दोन. चांगलं काम केल्यासारखं वाटलं. बाहेर येऊन आणखी एक सॉसेज खाल्लं.

मिसेस फॅरोंनी एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि तीन ढीग केले. मी मनात म्हणत होतो, नेव वीस, बर्नी सतरा, ग्लेनिस आठ.

"नेव्हिल, सोळा," मिसेस फॅरो म्हणाल्या.

थोडी कमी, पण ठीक.

"ग्लेनिस, पंधरा."

कुणीतरी खोकलं.

"बर्नी, चौदा. बर्नी बाद."

बर्नी बाद झाला हे ऐकून मी मनातल्या मनात नेवची बॅग भरायला घेतली. मग मला आठवलं की आता बर्नीच्या चिठ्ठ्या उघडणार. आणि पुढच्या फळीचा माणूस दोन नंबरला मागच्या फळीचं नाव लिहील? तो उपाशी राहील, पण लिहिणार नाही. मिसेस फॅरो एकेक चिठ्ठी ग्लेनिसच्या ढिगावर ठेवत गेल्या. चौदाच्या चौदा.

"ग्लेनिस एकोणतीस, नेव्हिल सोळा."

खानपानाच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं. "कोण जिंकलं?"

"तू," मिसेस फॅरो म्हणाल्या.

"उगाच थट्टा करू नका, माझा कांदा करपतोय."

मग हळूहळू एकेकाच्या तोंडून बाहेर पडायला लागलं. पहिला बर्नी.

"मी तिला एक नंबर दिला होता," तो बुटांकडे बघत म्हणाला. "म्हटलं, एकही मत नाही पडलं तर वाईट दिसेल."

"तूसुद्धा?" त्याची बायको म्हणाली.

"उमेदवाराने स्वतःलाच पहिलं मत देणं बरं दिसत नाही," नेव म्हणाला. "मीही तिलाच दिलं."

मी लॉरेलकडे बघितलं. "निदान तू तरी भावाला दिलंस ना?"

"नाही," लॉरेल म्हणाली. "ग्लेनिसला. तुमच्यासारखं दयेपोटी नाही, ती जिंकावी म्हणून."

माझ्या एका घरातून तीन मतं गेली होती. ती नेवला पडली असती तर ग्लेनिस बारा मतांवर बाद झाली असती. मी खुर्ची शोधली.

पान ४४, पुढची बाजू

नवनियुक्त मुख्य प्रशिक्षक श्रीमती थ्रेलफॉल यांनी सभेला मार्गदर्शन केले. खानपानाची जबाबदारी चिटणीसांनी स्वखुशीने स्वीकारली.

पान ४४, मागची बाजू

ग्लेनिस एप्रनला हात पुसत बाहेर आली. मला वाटलं, नाही म्हणेल. सगळ्यांनाच वाटलं.

"माझ्या खिडकीतून मैदानाची फक्त डावी बाजू दिसते," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं मी तुमची डावी बाजू बघतेय. उजवीही तशीच असेल तर देवच वाली आहे."

तिने एप्रन सोडला.

"सामन्याआधी तीन सॉसेज खाणारा माणूस उत्तरार्धात कुठे असतो? माझ्या खिडकीशी. चौथं मागत. आजपासून सामना संपेपर्यंत कुणाला काही मिळणार नाही. बर्नी, पुढचे आठ तू बघ. नेव्हिल, मागचे सात तू. दोघं एकमेकांशी बोला. बोलता येत नसेल तर भांडा, पण माझ्यासमोर."

मी हात वर केला. घराचा विषय मलाच काढावा लागणार होता. "मग नेव सहायक प्रशिक्षक झाला. मैदानामागचं घर त्यालाच द्यावं असं मी सुचवतो. प्रशिक्षकाने मैदानाजवळ राहावं."

"नको, नको," नेव म्हणाला. "मी ताईकडे मजेत आहे."

"मलाही नको, मला माझं घर आहे," ग्लेनिस म्हणाली. "ते खिडकी सांभाळणाऱ्याला द्या. शनिवारी सकाळी सहाला तवा तापला पाहिजे."

"पण खिडकी सांभाळणार कोण?" मी विचारलं.

क्लबाचा एक नियम आहे, मीच लिहिलेला. ज्याच्या सूचनेमुळे जागा रिकामी होते, त्यानेच ती भरायची. पंचेचाळीसपैकी चव्वेचाळीस तोंडं माझ्याकडे वळली.

घरी जाताना लॉरेल गाडी चालवत होती. नेव मागे बसून शेजारच्या सीटवर बिस्किटांनी चाल मांडत होता.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"बेरीज करताना तुझे ओठ हलतात, डेस. दोन आठवडे तू स्वयंपाकघरात उभा राहून 'नेव अठ्ठावीस, बर्नी सतरा' म्हणत होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या भावाला घराबाहेर काढायला माणूस एवढं गणित करतो, ते बघायला मजा येत होती." तिने गिअर बदलला. "आता जा की तिकडे. शनिवारीच कशाला, रोज राहा. तुला न्हाणीघर हवं होतं ना?"

पान ४५, पुढची बाजू

हंगामातील पहिल्या सामन्यात क्लब १७–१५ असा विजयी झाला. चिटणीसांची निवासव्यवस्था समाधानकारक.

पान ४५, मागची बाजू

हे मात्र दोन्ही बाजूंना खरं आहे. उपाशी पोरं अशी धावली की बघत राहावं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा बर्नी आणि नेव मिठी मारून रडत होते, आणि ग्लेनिस माझ्या खिडकीशी आली.

"एक सॉसेज दे. कांदा जास्त."

मी दिलं. तिने चावून बघितलं.

"कांदा कच्चा आहे," ती म्हणाली आणि गेली. पण सगळं खाल्लं.

पुढचे अकरा दिवस मी राजा होतो. सकाळी साडेसहाला उठायचं, थेट न्हाणीघरात. दाराबाहेर कुणी नाही. लिंबाचं झाड, समोर गोलपोस्टचे खांब, पत्र्यावर खरे काकाकुवा. रात्री लॉरेलकडे जेवायला जायचो. मीठ मागितलं की लगेच मिळायचं, कारण आता नेवला मीठदाणी लागत नव्हती, त्याच्याकडे सात खरी माणसं होती. लॉरेल म्हणाली, लग्नानंतर मी इतका हसतमुख कधीच नव्हतो.

बाराव्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात नेव. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मीठदाणी आणि मिरपूड.

"ताईने पाठवलं," तो म्हणाला. "म्हणाली, प्रशिक्षकाने मैदानाजवळ राहावं. हा मुद्दा तुझाच होता म्हणे, इतिवृत्तात आहे."

"इतिवृत्त मीच लिहितो, नेव. मी तो लिहिलेला नाही."

"मागच्या बाजूला आहे म्हणाली."

सव्वीस वर्षं वही लॉरेलच्या स्वयंपाकघरातल्या खणात ठेवत आलोय.

"फक्त दोन आठवडे," नेव म्हणाला आणि आत आला.

ही ओळ मी पायरीवर बसून लिहितोय. सकाळचे पावणेसात वाजत आलेत, टॉवेल खांद्यावर आहे. आत दुसरं कडवं चालू आहे. अजून पाच. ही बेरीज मात्र माझी कधीच चुकत नाही.