शिदोजीचा परदेशी ट्रॅक्टर आणि हुबेहूब पंप

एका जंगलात शिदोजी नावाचा एक रानडुक्कर राहत होता. जंगल कुठलं ते विचारू नका, मुलांनो. विचारलंत तर मला तुमच्याच तालुक्याचं नाव घ्यावं लागेल, आणि मग तुमचे बाबा माझ्याशी बोलायचे नाहीत.

शिदोजीचा ओढ्याकाठी जमिनीचा एक तुकडा होता. त्यात तो सुरण आणि रताळी लावायचा. नांगरट कशाने करायचा? नाकाने. त्याच्या बापानेही नाकानेच केली होती. सकाळी नाक मातीत घालायचं आणि संध्याकाळी बाहेर काढायचं. जमीन कशी छान भुसभुशीत व्हायची.

त्या जंगलात एक कायदा होता. वैशाखी पौर्णिमेला सरपंच गवा पाहणीला यायचा. ज्याची जमीन तोवर नांगरलेली नसेल, त्याची ती काढून घ्यायची आणि दुसऱ्याला द्यायची. शिदोजीला या कायद्याची कधी भीती वाटली नव्हती.

पण एका वर्षी शेजारच्या जंगलात कुणीतरी परदेशी ट्रॅक्टर आणला. झालं! शिदोजीला आपलं नाक एकदम गावंढळ वाटू लागलं. पाहुणे आले की तो ते पंच्याने झाकून बसायचा.

शेवटी त्यानेही ट्रॅक्टर आणला. सात समुद्रांपलीकडच्या कुठल्याशा देशात, भाताच्या वाफ्यांतून वीस वर्षं राबून थकलेला, वासराएवढ्या उंचीचा ट्रॅक्टर. त्यावर बसलं की शिदोजीचे गुडघे कानाला लागत. बाजूला एक पत्रा होता आणि त्यावर कुणालाही वाचता न येणारी अक्षरं होती. शिदोजीने त्यांना रोज हळदकुंकू वाहायला सुरुवात केली.

बायको तानूबाई बाहेर आली. तिने ट्रॅक्टरला एक चक्कर मारली.

"अहो, हे चालतं का?"

"परदेशी आहे," शिदोजी म्हणाला.

"ते दिसतंय. चालतं का?"

"अगं, परदेशी आहे म्हणतोय ना!"

ट्रॅक्टर चालत नव्हता. म्हणून शिदोजीने खवल्या मांजराला बोलावलं. खवल्या त्या जंगलातला नावाजलेला मिस्त्री. त्याने इंजिन उघडलं तर आत मुंग्यांचं वारूळ निघालं. ते त्याने मोठ्या आवडीने साफ केलं. खरी दुरुस्ती झाली ती एवढीच.

"पाण्याचा पंप गेलाय," तो जीभ चाटत म्हणाला. "बारीकशी चीर आहे. पाणी गळतंय, इंजिन तापतंय."

"मग लाखेनं बुजवा की," तानूबाई म्हणाली.

मिस्त्रीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की शिदोजीलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "परदेशी मालाला रानातली लाख? वहिनी, पंप नवाच पाहिजे."

"कधीपर्यंत होईल?" शिदोजीने विचारलं.

हे ऐकताच मिस्त्रीने अंगाचा चेंडू केला. त्याला 'कधी' विचारलं की तो असंच करायचा. शिदोजी दुपारपर्यंत त्या चेंडूशेजारी बसून राहिला. मोठा कारागीर दिसतोय, त्याला वाटलं, उगाच कुणाला शब्द देत नाही.

ओढ्यापलीकडे तरसाचा भंगारबाजार होता. शिदोजी तिथे गेला.

"नमुना आणलाय?" तरसाने विचारलं. त्या बाजाराची तशी रीतच होती. जुना भाग दाखवल्याशिवाय तिथे साधा खिळासुद्धा मिळत नसे.

शिदोजीने जुना पंप पुढे केला. तरसाने तो उलटसुलट करून पाहिला, हुंगला आणि हसला. तरसच तो, हसणारच.

"दुर्मीळ माल आहे. नमुना ठेवून जा. जुळवून बघावा लागेल. बोटीनं येईल."

शिदोजी नमुना ठेवून आला आणि मन लावून ट्रॅक्टर नटवू लागला. लाल रंग दिला. चाकांना गोंडे बांधले. पुढे 'शिदोजी आणि कुटुंब' असं लिहून घेतलं. ट्रॅक्टरला पंप नव्हता, पण हॉर्न दोन होते. जंगलातले सगळे बघायला येऊ लागले. तानूबाई चहा करून करून थकली.

"अहो, पौर्णिमा आठ दिवसांवर आली. जमीन दगडासारखी पडलीय. थोडी उकरून तरी घ्या."

"ट्रॅक्टर दारात असताना नाकानं उकरू? लोक काय म्हणतील?"

पौर्णिमेला तीन दिवस उरले तेव्हा पंप आला. परदेशी अक्षरांच्या कागदात गुंडाळलेला, घासूनपुसून लख्ख केलेला. तरसाने त्याच्या बदल्यात कोठीतले सगळे सुरण नेले.

शिदोजीने पंप जागेवर लावून पाहिला आणि नाचायचाच बाकी राहिला. "हुबेहूब! भोकाला भोक जुळलं! अगदी चीरसुद्धा तिथल्या तिथं!"

"याला म्हणतात अस्सल," मिस्त्री म्हणाला. "नकली असता तर चीर इकडंतिकडं गेली असती."

"अहो, हा आपलाच पंप आहे," तानूबाई म्हणाली.

"तुला यंत्रातलं काय कळतं?" शिदोजी खेकसला. खरं तर त्यालाही ते कळलं होतं. पण सुरण देऊन झाल्यावर ते कळून घेणं त्याला परवडणारं नव्हतं.

ट्रॅक्टर सुरू झाला. दोन्ही हॉर्न वाजले. मग पंपातून पाण्याची धार लागली, इंजिन तापलं, धूर निघाला आणि सगळं थंड पडलं.

"आता कधी?" शिदोजीने विचारलं. मिस्त्रीचा चेंडू झाला आणि उतारावरून घरंगळत ओढ्यापलीकडे गेला. तो पुन्हा काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिदोजी जमिनीच्या कडेला उभा राहिला. बापाने ठेवलेली एवढी एकच गोष्ट होती, आणि ती परवा जाणार होती. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि नाक मातीत घातलं. मातीचा वास आला तसं त्याला रडूच कोसळलं. महिनाभर बिचारा डिझेल हुंगत होता. तानूबाई आली, नऊही पोरं आली. दोन दिवसांत त्या सगळ्यांनी तुकडा उकरून काढला. इतका आनंद शिदोजीला वर्षभरात झाला नव्हता.

मग त्यांनी ट्रॅक्टर ढकलत ढकलत मधोमध नेऊन उभा केला. ही कल्पना शिदोजीची.

सरपंच गवा हार घेऊनच आला. मागे सगळं जंगल होतं.

"वा! अशी नांगरट मी जन्मात पाहिली नाही. कशानं केलीस रे?"

तानूबाईने कोपराने ढोसलं. "सांगा की खरं."

शिदोजीने जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "ट्रॅक्टरनं, सरपंच."

"आणि नाक का सोललंय?"

"पंप बसवताना लागलं."

गव्याने ट्रॅक्टरला हार घातला आणि जाहीर केलं, "आजपासून आपल्या जंगलात नाकानं नांगरायला बंदी! पुढच्या पौर्णिमेला ज्याच्याकडं चालू ट्रॅक्टर नसेल, त्याची जमीन जाईल." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात शिदोजीनेच टाळ्या वाजवल्या.

पुढच्या पौर्णिमेला गवा म्हणाला, "चालव बघू." तो चालला नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. जमीन तरसाला मिळाली. चालू ट्रॅक्टर त्याच्याकडेही नव्हता, पण बंद पडलेले चाळीस होते, आणि त्यांचा दबदबा मोठा होता.

तरस मनाने मात्र उदार. त्याने शिदोजीला नोकरीवर ठेवलं. जमीन तीच, काम तेच, नाकही तेच. भोवती फक्त उंच कुंपण घातलं. आणि एकच अट घातली, की नांगरताना शिदोजीने तोंडाने सारखी घरघर करायची, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यांना आत ट्रॅक्टर चालल्यासारखं वाटेल.

तात्पर्य : मुलांनो, स्वतःच्या हातातल्या कामाची खुशाल लाज बाळगा. घरघर नीट काढता आली, की नोकरी मिळतेच.