दहा वेळा मनात वाकून

तुम्हाला सांगतो, माझ्याइतका सुंदर वाकणारा दातांचा डॉक्टर अख्ख्या शहरात नाही! फक्त मी आधी मनात वाकतो.

हसू नका! बावीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून माझी पाठ पार कामातून गेली होती. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला. "डोळे मिटा. आपण अगदी सहज वाकतोय, असं दहा वेळा मनात बघा. मग खरोखर थोडंसं वाका. पाठीची भीती जाते." महिनाभर केलं आणि चक्क फरक पडला! पण बायकोचा विश्वास बसेल तर ना! दवाखान्याचं बाहेरचं टेबल तीच सांभाळते. म्हणाली, "आज सहा पेशंट आहेत. आतून तुमचं एकदा जरी 'आई गं' ऐकू आलं, तर उद्यापासून तुमच्या जागी माझा भाऊ बसेल." मेहुणाही दातांचाच डॉक्टर. पठ्ठ्याने परवा येऊन माझं स्टूल स्वतःच्या उंचीला लावूनसुद्धा पाहिलं होतं!

पहिल्या आल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. अक्कलदाढ काढायची होती. त्यांनी आ वासला, मी हातात इंजेक्शन घेतलं आणि डोळे मिटले. एक... दोन... ओठ आपोआप पुटपुटायला लागले. "सावकाश... घाबरू नकोस... जमेल तुला..."

सातव्या वाकण्याला काहीतरी खडखडलं. डोळे उघडतो तर खुर्ची रिकामी!

"अहो, पळा!" बाहेर बाई ओरडत होत्या. "डॉक्टर डोळे मिटून स्वतःलाच धीर देताहेत!"

बाकीच्या पाच जणांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. बायकोने फोन लावला. भावालाच, दुसऱ्या कोणाला!

मी इंजेक्शन ठेवलं आणि धूम ठोकली. बाई जिन्याच्या तोंडाशी पोचल्या होत्या, गळ्यात मी बांधलेला निळा रुमाल तसाच. घाईत त्यांची एक चप्पल मागे राहिली होती. ती मी उचलली. खाली वाकून! सगळ्यांदेखत! आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही!

"अगं, वाकलो! हे बघ, परत वाकलो!" चप्पल हातात घेऊन मी नाचायचाच काय तो बाकी होतो.

बायको बघतच राहिली. "थांब रे जरा," असं भावाला सांगून तिने फोन ठेवला. मला तर रडूच फुटलं हो!

मग मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. मुख्याध्यापिका बाईंना तर पद्धत फारच पटली. "म्हणजे आधी मनात केलं की भीती जाते? मग मीही दहा वेळा मनात दाढ काढून घेते!" त्या बसल्या, तसे बाकीचे पाचही जण डोळे मिटून बाकावर ओळीने बसले. मी हातमोजे चढवून, ताठ पाठीने दारात उभा. एवढी शांतता आमच्या दवाखान्यात कधी पाहिली नव्हती.

जरा वेळाने बाईंनी डोळे उघडले. चेहरा कसा खुललेला! "डॉक्टर, किती हलकं वाटतंय! भीती अगदी पार गेली."

"मग या ना आत!"

"आता आत कशाला? दहा वेळा काढून झाली की!"

आणि निघाल्या! त्यांच्यामागोमाग बाकीचेही माझे आभार मानत उठले. "अहो, नंतर थोडंसं खरोखर करायचं असतं!" मी जिन्यावरून ओरडत राहिलो. कोणी मागे वळूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात मेहुण्याचाच फोन आला. बायको त्याला म्हणाली, "नको रे येऊस. इथे कोणालाच दात काढायचा नाहीये."

चला, खुर्ची तेवढी वाचली म्हणायची माझी!