एक चर्च, अनेक चर्चा

सहलीने माणसाचे ज्ञान वाढते. म्हणून आमच्या नरडाण्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाने वर्षातून एक सहल काढायची, असा नियमच केला आहे.

यंदाची सूचना चिटणीस रतिलालनानांनी स्वतः फळ्यावर लिहिली : ‘दमणच्या किल्ल्यात पोर्तुगीजांच्या ऐतिहासिक चर्चा आहेत. सभासदांनी लाभ घ्यावा.’

उखर्डूभाऊंनी विचारले, “नाना, हाई चर्चा कशावर शे?”

“एक ऱ्हायनं ते चर्च. जास्त ऱ्हायनात ते चर्चा,” नाना म्हणाले.

या व्याकरणात कोणालाच चूक सापडली नाही. तरीही एक्केचाळीस सभासदांपैकी एकोणीस जण भाषण लिहून घेऊन आले. उखर्डूभाऊंचा विषय होता ‘पोर्तुगीज आणि आपली कपाशी’. लताबाई अक्कांनी महिलांचे सतरा प्रश्न वहीत उतरवले होते. (त्यांपैकी चौदा उखर्डूभाऊंविषयी होते. ते त्यांचे पती आहेत.)

माझे काम साधे होते. माझी बायको केसरबाई हिने बियाण्याच्या दुकानाने दिलेल्या कॅलेंडरवर दमणचे चर्च पाहिले होते. चित्रात आतली सोनेरी नक्षी होती. वर्ष संपले, पण तिने ते पान भिंतीवरून काढले नाही. अकरा वर्षे म्हणत होती, “माले एकदाव हाई दखाडा.” मी म्हणायचो, “पाहू.” (हे क्रियापद फार सोयीचे आहे. ते म्हटले की काही पाहावे लागत नाही.) चैत्रात ती गेली. सहल मार्गशीर्षात निघाली. माझ्या खिशात एक मेणबत्ती होती आणि चर्च पाचला बंद होणार होते.

पहाटे चारला बस निघाली. साक्रीला चहा कुठे घ्यावा यावर चर्चा झाली. ती होईपर्यंत साक्री मागे पडली. नवापूरला खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद, यावर मतदान झाले. एकवीस विरुद्ध वीस. (ड्रायव्हर युवराज तटस्थ राहिला. त्याला मत नव्हते, पण तो तटस्थ राहिला.) वापीच्या अलीकडे भरिताचे डबे उघडले. भरितात शेंगदाणे असावेत का, हा प्रश्न निघाला आणि बस दीड तास झाडाखाली उभी राहिली. त्यात दोन गट पडले. ते अजून आहेत.

एकूण हिशेब असा : प्रवास नऊ तास, चर्चा साडेतीन तास, चर्च शून्य.

किल्ल्यात पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. चर्चच्या पायरीवर नवा मुद्दा आला. चप्पल काढायची की नाही?

“देऊळच शे ना ते बी,” लताबाई म्हणाल्या.

“पन त्यास्ना देव बूट घालस का, ते पह्यले ठरवा,” उखर्डूभाऊ म्हणाले.

पाच जणांची समिती नेमली. पाच वाजायला दहा मिनिटे कमी होती. आतला माणूस दाराच्या कड्या तपासू लागला. मी चपला हातात घेतल्या आणि चालू लागलो.

मागून नाना ओरडले, “पितांबरभाऊ, ठराव बाकी शे!”

“पाहू,” मी म्हणालो.

आत गेलो. कॅलेंडरवाल्याने काही वाढवून दाखवले नव्हते. उलट कमीच दाखवले होते. नक्षी छतापर्यंत होती. मी मेणबत्ती लावली आणि म्हणालो, “केसर, हाई दख.” मग मला हसू आले. हातात चपला घेऊन मी कोणाला दाखवत होतो? आठ मिनिटे हसत उभा होतो. मग त्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी बाहेर आलो आणि दार बंद झाले. तेवढ्यात समितीचा निर्णय आला : चप्पल काढावी. चाळीस सभासदांनी चपला काढल्या आणि बंद दारासमोर अनवाणी फोटो काढला. अहवालात लिहिले आहे, ‘चर्चा यशस्वी झाली.’

आता हे तुम्ही वाचत असताना आतल्या खोलीतून कोणी तरी काही तरी दाखवायला सांगितले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “पाहू.”

छान. संघात जागा आहे. माझ्या शेजारची तर रिकामीच आहे.