हॉलंडच्या मॅडमचा मफलर

मे महिन्यात, नेरूळच्या घामात, पंख्याखाली लोकरीचा मफलर गुंडाळून बसायचं काम माझ्याकडे होतं. ते मला घारपुरे सरांनी दिलं होतं.

सर आमच्या समोरच्या घरात एकटे राहत. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत. कारखान्यांचं काय काय खाडीच्या चिखलात मुरतं, ते त्यांना शोधायचं होतं आणि त्यासाठी युरोपातून पैसे मिळण्यासारखे होते. पण तिथला नियम असा, की अर्ज दोन देशांनी मिळून करायचा. "भागीदार हवा, मावशी. एकट्याचा अर्ज ते उघडतसुद्धा नाहीत." हे वाक्य सर दिवसातून चारदा म्हणत. भाजीवाल्यालाही सांगत.

पुष्कळ पत्रं गेल्यावर हॉलंडच्या एक बाई प्राध्यापक येऊन बघायला तयार झाल्या. पसंत पडलं तर भागीदार म्हणून सही करणार, नाहीतर सगळं तिथंच संपलं. म्हणून रोज संध्याकाळी साडेसहाला माझ्या घरी तालीम. मी म्हणजे त्या मॅडम. मफलर त्यासाठी.

"अहो, मी चौथी पास," मी म्हटलं.

"म्हणूनच. तुम्हाला पटलं तर कुणालाही पटेल."

सर उभे राहून अर्ज मराठीत सांगत. मी जांभई दिली की थांबून कडेला लिहीत, 'तिसरं पान. मॅडमना झोप.' ते पान त्यांनी अकरा वेळा बदललं. खर्चाचं पान आलं तेव्हा मी विचारलं, "तिकडचे पाहुणे येणार, मग चहाचा खर्च कुठाय?"

"चहाला रकाना नाही, मावशी. चहा आपला."

माणूस विक्षिप्त, पण खोटं लिहीत नसे. विद्यापीठातल्या वरच्या साहेबांनी सांगितलं होतं, चिखल तपासायचं महागडं यंत्र आपल्याकडे आहे म्हणून ठोकून द्या. सरांनी लिहिलं, यंत्र नाही. "पहिल्याच अर्जात भागीदाराला थाप मारू?" मी पुष्कळ लग्नं जमताना पाहिली आहेत. तिथंही इतकं खरं कुणी सांगत नाही.

माझ्या एका प्रश्नावर मात्र ते चिडत. "तीन वर्षांनी पैसे संपले, की मग काय?"

"असलं त्या विचारणार नाहीत. पुढचं विचारा."

मी तेच रोज विचारलं.

मॅडम आल्या. उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या. गळ्यात मफलर नव्हता. विद्यापीठ दाखवून झाल्यावर सरांनी त्यांना घरी आणलं. चहा माझा. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. मॅडमनी शेवटच्या पानावर बोट ठेवून काहीतरी विचारलं आणि सरांनी माझ्याकडे बघितलं. कोणता प्रश्न ते मला तेव्हाच कळलं.

सरांनी आतली खोली उघडली. भिंतभर फळ्या, फळ्यांवर बाटल्या. प्रत्येकीत चिखल आणि वर तारखेची चिठ्ठी. सर दर रविवारी सकाळी पिशवी घेऊन कुठंतरी जातात, हे मला माहीत होतं. वॉचमनला त्या पिशवीतल्या खणखणाटाचा भलताच संशय होता. ते आठ वर्षांचे रविवार होते, कुणी एक पै देत नसताना जमवलेले. मॅडम वरच्या फळीपासून चिठ्ठ्या वाचत खाली आल्या, आणि शेवटी फरशीवरच बसल्या. तिथंच त्यांनी सही केली. त्या गडबडीत मी माझा कप फाईलवर ठेवला आणि तिच्यावर गोल डाग पडला.

दसऱ्याच्या सुमाराला मंजुरीचा फॅक्स आला. सरांनी मजलाभर पेढे वाटले. माझी नोकरी सुटली. मफलर डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत टाकला.

आठवड्यानं, साडेसहाला बेल वाजली. दारात सर, हातात फाईल.

"मावशी, तीन वर्षांनी पैसे संपतील. पुढच्या अर्जाची तालीम करू या का?"

"नवा भागीदार मिळाला?"

"अजून नाही."

सरांनी आत येऊन बसत फाईल मांडीवर ठेवली. तिच्यावर माझ्या कपाचा डाग होता.

मी ट्रंक उघडली, मफलर वासासकट गळ्याला गुंडाळला आणि खुर्चीत ताठ बसले.

"वाचा," मी म्हटलं. "सावकाश. आज मॅडमना झोप येणार नाही."