गॅस बघून या

गुडघे वर, पाठ ताठ, श्वास आत. इथपर्यंत गिरिजा मॅडम व्यायाम शिकवणाऱ्या कुठल्याही बाईसारख्याच बोलतात. मग मध्येच कमरेवर हात ठेवून कॅमेऱ्यात डोळे रोखतात आणि म्हणतात, “आता गॅस बघून या. बंद केलाय का? नुसतं हो म्हणू नका. उठून बघून या. मी थांबते.”

आणि खरंच थांबतात. कार्यक्रम थेट असतो. सोलापुरातल्या घराघरांत पडद्यावर जांभळी इरकल नेसलेली, पदर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली एक बाई गप्प उभी असते. कॅमेऱ्यामागे मी असतो. असल्या शांततेत माणसाला हमखास खोकला येतो, आणि तो मला रोज आला आहे.

आमचं केबल चॅनेल शुक्रवार पेठेत आहे, भांड्यांच्या एका दुकानाच्या वर. खाली कुणी पातेलं पाडलं की वर बातमीदार दचकतो. मॅडम तिथं रोज सकाळी बायकांच्या आरोग्याचा कार्यक्रम करतात. त्याआधी त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. मग इथल्या पेपरात सदर लिहायला लागल्या, मग रेडिओवर बोलायला, मग आमच्याकडे आल्या. लग्न केलं नाही. चॅनेलच्या मागच्याच बोळात एकट्या राहतात आणि ओळखीच्या बाईला रस्त्यात गाठून एका पायावर उभं करतात. भाजीच्या पिशव्या हातात धरून तोल सांभाळणाऱ्या बायका आमच्या पेठेत नवीन नाहीत.

बोलायला मॅडम कशालाच लाजत नाहीत. पाळी जाताना काय होतं, रक्त कमी असलं की चक्कर का येते, सगळं भाजीचे भाव सांगावेत तसं सांगतात. एकदा शिंकताना लघवी सुटते त्यावरचा व्यायाम दाखवायला लागल्या, तेव्हा आमचे मालक लाजून जिन्यात जाऊन उभे राहिले. थोड्याच वेळात त्यांच्या आईचा फोन आला. “त्या बाईंना सांग, उद्या परत दाखवा म्हणावं. माझा चष्मा सापडत नव्हता.” तेव्हापासून मालक मॅडमना काही बोलत नाहीत.

पण गॅसचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. बरं, नुसता गॅस असता तर चाललं असतं. “आता पाणी प्या. नीर कुडी. पूर्ण तांब्या. खोटं बोलू नका, मला दिसतंय.” “काल अर्धीच भाकरी खाल्लीत ना? आज अख्खी खायची.” “बाहेर ऊन आहे, डोक्यावर पदर घेतल्याशिवाय अंगणात जायचं नाही.” भर सोलापुरात आता अंगण कुणाला उरलंय? तरी बायका ऐकायच्या. एकदा माझी बायको आदल्या रात्री खरंच अर्धी भाकरी टाकून उठली होती. ती मला म्हणाली, “तुम्हीच सांगितलं असणार.” टीव्हीसमोर ती खोटं बोलत नाही, ते तिनं माझ्यासाठी राखून ठेवलंय.

कार्यक्रमाआधी मॅडमना रोज एक फोन यायचा. त्या जिन्यात जाऊन कानडीत हळू बोलायच्या. माझं कानडी भाजी मंडईपुरतं, त्यामुळे मला त्यातलं फक्त जेवण आणि पाणी कळायचं. फोन झाला की चेहऱ्यावरून हात फिरवून त्या कॅमेऱ्यासमोर यायच्या. मालकांचा अंदाज ज्योतिषी असावा असा होता. माझा अंदाज मी सांगत नाही, तो याहून चावट होता.

मग कॉलेजच्या पोरांनी त्या “गॅस बघून या”ला ढोलकी लावली. ते मोबाइलवर इतकं फिरलं की पुण्याच्या एका मोठ्या चॅनेलचा माणूस गाडी घेऊन आमच्या जिन्याखाली आला. मॅडमना पूर्ण महाराष्ट्रात दाखवायचं म्हणाला. बायकांच्या आरोग्यावर असं रोखठोक बोलणारी बाई त्यांना हवी होती. मॅडम म्हणाल्या, “कॅमेरामन आमचाच येईल.” तो त्यालाही तयार झाला. मी लगेच बाहेर जाऊन करमाळ्याला सासुरवाडीत फोन करून सांगून टाकलं. जावयाचं काही बरं होईल अशी तिथं कुणाला आशा नव्हती, त्यामुळे सासऱ्यांनी कोण बोलतंय ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

परत आलो तर मॅडम त्या माणसाला विचारत होत्या. “थेट असेल की नाही?”

“थेट कशाला, मॅडम? एकदा आलात की महिन्याभराचं करून घेऊ.”

“आणि गॅसचं?”

“ते कापू की. साडी पण बदलू.”

मॅडमनी हात जोडले. “मग जमणार नाही,” म्हणाल्या, आणि गुडघ्याचा व्यायाम करायला गेल्या. तो माणूस जाताना माझ्याकडे कार्ड देऊन गेला. मन बदललं तर फोन करा म्हणाला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, भयंकर राग आला. आयुष्यभर बायकांना उठा, उठा म्हणणारी बाई स्वतःची वेळ आली तेव्हा ढिम्म बसते म्हणजे काय? रविवारी समजूत घालायला मी त्यांच्या खोलीवर गेलो, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, “रविवारी मंद्रूपला असत्यात की त्या. भावाकडं.” मी स्कूटर तशीच विजापूर रोडला घातली.

मंद्रूपला घर लगेच सापडलं. दार मॅडमच्या वहिनीनं उघडलं. “या की. ताई आत हाईत. फकस्त टीव्हीच्या मधी नका येऊ, आई वरडत्यात.”

आत बाजेवर एक वाळकी म्हातारी टीव्हीला डोळे लावून बसली होती. टीव्हीवर आमचंच चॅनेल. रविवारी आम्ही शनिवारचा भाग पुन्हा लावतो. पडद्यावर जांभळ्या इरकलीतल्या मॅडम खांदे फिरवत होत्या, म्हातारीही फिरवत होती. आणि खऱ्या मॅडम उंबऱ्याशी जमिनीवर बसल्या होत्या. साधी साडी, केस विस्कटलेले, हातात पाण्याचा तांब्या.

“अव्वा, पाणी पी,” त्या म्हणाल्या.

“ठेव तितं,” म्हातारी म्हणाली. “बाईनं सांगितल्यावर पीन.”

मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, “सुनंनं ही बाई कामाला ठेवलीय. दर ऐतवारी येती. काम काय करत न्हाय, नुसती माज्या तोंडाकडं बघत बसती. तुमी वळखता व्हय हिला?”

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी नको अशी मान हलवली. मी नाही म्हणालो.

“आता पाणी प्या,” टीव्हीतल्या मॅडम म्हणाल्या. “नीर कुडी. पूर्ण तांब्या. खोटं बोलू नका, मला दिसतंय.”

म्हातारीनं उंबऱ्यातल्या बाईच्या हातातून तांब्या ओढून घेतला आणि गटागटा प्यायली. पदरानं तोंड पुसून टीव्हीकडे बोट केलं. “लई चांगली बाई. रोज येती. रोज इचारती. माजी लेक हाय सोलापुरात, मास्तरीण. ती काय येत न्हाय कदी.”

“चांगली आहे बाई,” मॅडम म्हणाल्या. आणि जमिनीवर बसल्या बसल्या, टीव्हीतली बाई सांगेल तसे हात वर करायला लागल्या.

निघताना त्यांनी मला बाहेर स्कूटरपर्यंत सोडलं. आईला त्यांनी सोलापूरला आपल्या खोलीवर आणून पाहिलं होतं. परकी बाई कोंडून ठेवते म्हणून तिनं गल्ली गोळा केली. इथं मंद्रूपला एकदा गॅस चालू राहून आईचा पदर पेटला होता. वहिनी रोज सकाळी फोन करून आई जेवली का, झोपली का ते सांगते, आणि मॅडम ते टीव्हीतून आईला विचारतात. “महिन्याभराचं आधी करून ठेवलं तर मला कसं कळणार, काल भाकरी खाल्ली की नाही?” त्या म्हणाल्या. “सोलापुरातल्या बायकांना थोडं सोसावं लागतं माझ्या आईपायी. पण पाणी त्यांनीही प्यायला पाहिजेच की.”

पुण्याचा विषय मी काढलाच नाही. सासऱ्यांना मात्र अजून काय सांगावं ते सुचलेलं नाही.

हे होऊन बरेच महिने झाले. मध्यंतरी एका सकाळी जिन्यातला फोन लवकर संपला. मॅडम आत आल्या, पण चेहऱ्यावरून हात फिरवला नाही. मी विचारलं.

“काल टीव्ही लावला तर आई वहिनीला म्हणाली, ईकी यार? ही कोण?” मॅडम म्हणाल्या. “बंद कर म्हणाली.”

खाली दुकानात कुणीतरी भांडी रचत होतं. मी खिशातलं पुण्याचं कार्ड चाचपलं. बोलू नये असं वाटत होतं, तरी बोललो. “मॅडम, आता फोन करून बघायचा का पुण्याला? आता इथं अडकून...”

त्या पदर खोचत होत्या. जांभळी इरकलच होती.

“आणि एखाद्या सकाळी तिला आठवलं, आणि मी अशी, या साडीत, टीव्हीवर लागलेच नाही तर?”

मी खिशातून हात काढला. मी कॅमेरा सुरू केला. गुडघे झाले, खांदे झाले. मग मॅडमनी कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, “आता गॅस बघून या. उठून बघून या. मी थांबते.”

त्या दिवशी त्या फार वेळ थांबल्या. मला खोकला आला नाही.