वीत्स्केबाईंची हरकत

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी वीत्स्केबाईंचा घर तापवणारा गॅसचा बॉयलर खोकला, दोनदा थरथरला आणि कायमचा गप्प झाला. बाईंनी शाळेत चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. मेलेलं यंत्र त्यांना लगेच ओळखू यायचं. त्यांनी हार्मेनला बोलावलं. गावात बॉयलर बसवणारा तो एकटाच, आणि त्यांचाच विद्यार्थी.

"नवा गॅसचा बॉयलर नाही बसवणार मी, बाई," हार्मेन म्हणाला. "गाव गॅस सोडणार. दोन वर्षांत भंगारात जाईल तो. उष्णता-पंप घ्या. एक युनिट वीज घातली की तीन युनिट ऊब."

"मग बसव."

"बसवला असता. पण वीज कंपनी वाढीव जोडणी देत नाही. तारा भरल्यात म्हणे."

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या येल्टेनं मान वर काढली. तो गॅसच्या नळांच्या कंपनीत. हाही विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. "पंप? अहो, तुमच्या भिंतींतून वारा शिट्टी वाजवत जातो! थोडं थांबा. आहे त्याच नळांतून गॅसऐवजी हायड्रोजन येतोय जाळायला."

"कधी?"

"गावानं होकार दिला की."

गावाचा होकार म्हणजे बैठक. आणि ह्या गावात एकाचीही हरकत असली तर बैठक संपत नाही, पुढच्या गुरुवारी पुन्हा भरते. सभागृहाचं छप्पर दुरुस्तीसाठी उतरवलेलं होतं, म्हणून नगरपालिकेच्या बाईंनी वीत्स्केबाईंचं घर मागून घेतलं.

गुरुवारी सकाळी अठरा माणसं आली आणि कोट न काढताच बसली. भिंतीवरचा तापमापक अकरा अंश दाखवत होता. कॉफी झाली, बिस्किटांचा डबा एकदा फिरला आणि त्याचं झाकण लागलं. मग भांडण सुरू झालं.

"वारा जोरात सुटला की तारा भरतात आणि माझी पवनचक्की बंद ठेवायला लावतात," शेतकरी सीब्रांट गरजला. "त्या वाया जाणाऱ्या विजेतून हायड्रोजन करा की!"

"करा, आणि खतकारखान्याला द्या," हार्मेन म्हणाला. "तिथे दुसरा इलाज नाही. घरासाठी कशाला? अर्धीअधिक वीज वाटेतच सांडते. गळक्या बादलीनं पाणी आणून अंघोळ करायची?"

"आणि तुझ्या पंपांसाठी अख्खे रस्ते खणायचे?" येल्टे उसळला. "नववीत उष्णतेचा धडा माझ्याच वहीतून उतरवलास ना रे?"

"म्हणूनच नापास झालो!"

साडेअकराला सीब्रांटनं कोट काढला. बाईंनी तापमापकाकडे पाहिलं. सतरा. त्यांनी मनात हिशेब मांडला: बसलेला माणूस साधारण शंभर वॅट ऊब देतो. अठरा माणसांचे अठराशे. सीब्रांट उभा राहून बोलतो, त्याचे थोडे जास्त धरायला हवेत.

निघताना प्रत्येकाचा हात हातात घेऊन बाई म्हणाल्या, "आलात, फार बरं वाटलं." हे शब्दशः खरं होतं; खोली ऊबदार झाली होती. दुपारभर त्या स्वेटरशिवाय बसल्या. नवरा गेल्यापासून ह्या खोलीत तीनपेक्षा जास्त कप कधी निघाले नव्हते, हेही त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या गुरुवारी कुणीतरी वाटाण्याच्या सूपचं मोठं पातेलं आणलं. तिसऱ्या गुरुवारी सीब्रांटची बायको आली. ती त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलायची. चौथ्या गुरुवारी मात्र अनर्थ झाला. सगळ्यांचं पटलं. एरवी पंप, कडाक्याच्या थंडीत हायड्रोजन. काम दोन वर्षांत पुरं.

"कुणाची हरकत?" नगरपालिकेच्या बाईंनी विचारलं.

पंप येईपर्यंत घर थंडच. दोन वर्षं, आणि आजचा शेवटचा गुरुवार. वीत्स्केबाईंनी हळूच बोट वर केलं.

"नळांच्या सांध्यांबद्दल थोडं. हायड्रोजनचा रेणू फार लहान असतो."

सगळे कण्हले आणि पुन्हा बसले. बैठक अर्थातच पुढे ढकलली गेली.

लोक गेल्यावर हार्मेन कप विसळायला थांबला. "बाई, सांध्यांची तपासणी गेल्याच वर्षी झाली. अहवाल तुम्ही वाचलाय. तुमच्याच टेबलावर आहे तो."

"वाचलाय," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत विद्यार्थ्यानं त्यांना पहिल्यांदाच पकडलं होतं.

हार्मेननं नळ बंद केला. "तुमचे फार उपकार झाले. माझाही बॉयलर गेलाय, तीन आठवडे झाले. जोडणी मलाही मिळेना. आणि मीच गॅसचा बसवला, तर गावाला तोंड काय दाखवू?"

बाईंनी कप पुसून ठेवला. "येल्टेला नको कळायला. आयुष्यभर चिडवेल."

"तो कशाला चिडवेल? त्याचा तर माझ्याआधी गेला. उगाच का सगळ्यांत आधी येऊन बसतो?"

बाईंनी हात पुसले. मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि प्रत्येक मंगळवारच्या चौकोनात बारीक, नेटक्या अक्षरांत लिहिलं: सकाळी दहा. उपसमिती. विषय: सांधे.